क्रमांकित प्रत मागवली, पण हाती नीट आली नाही: कुठे अडतं आणि काय करायचं

खोका हातात घेऊन जरा हलवला, तर आत धप्प असा आवाज झाला. उघडायच्या आधीच पोटात खड्डा पडला. पुस्तक खोक्यात मोकळं होतं, म्हणजे लंडनपासून साताऱ्यापर्यंत ते आतल्या आत आपटत आलं होतं. कापडी बांधणीचा खालचा कोपरा दबून आत गेला होता आणि पुस्तक सरकवून ठेवायच्या पुठ्ठ्याच्या पेटीची एक कड उकलली होती. २५० प्रतींच्या आवृत्तीतली ही ११८ क्रमांकाची प्रत, लेखकाच्या शाईतल्या सहीची. आठ महिने वाट बघितली होती. विक्रेत्याला कळवलं, तर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आवृत्ती संपली आहे, हवे तर पैसे परत करतो.

पैसे परत घेऊन मी काय करणार होते?

नेहमीच्या पुस्तकाचं सोपं असतं. पान फाटकं निघालं, फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) उलटा लागला, तर दुकानदार दुसरी प्रत देतो. मर्यादित आवृत्तीत तो रस्ताच नसतो, आणि ऑनलाइन खरेदीची सगळी तक्रार-व्यवस्था तर 'माल बदलून द्या किंवा पैसे परत करा' एवढ्यावरच उभी आहे. म्हणून इथे बरंचसं काम पुस्तक निघायच्या आधी करून ठेवावं लागतं. गेल्या काही वर्षांत मला आणि माझ्या ओळखीच्या संग्राहकांना ज्या अडचणी पुन्हा पुन्हा आल्या त्या आणि त्यांवर जे लागू पडलं ते इथे लिहिते.

विक्री उघडली आणि प्रती संपल्या

पहिली चूक घड्याळाची. लंडनचे सकाळचे १० म्हणजे आपले हिवाळ्यात दुपारचे साडेतीन, पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत अडीच. न्यूयॉर्कच्या दुपारच्या १२ ला आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा वाजतात, उन्हाळ्यात साडेनऊ. त्यात अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्याच रविवारी पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत मागच्या वेळचा हिशेब चालत नाही. मी एकदा बरोबर तासभर उशिरा पोचले होते. तेव्हापासून विक्रीच्या दिवशी सकाळीच त्या शहराची चालू वेळ मोबाइलवर बघते आणि गजर लावते.

दुसरी गोष्ट, पुस्तक कार्टमध्ये पडलं म्हणजे ते आपलं झालं असं नाही. बऱ्याच छोट्या प्रकाशनांच्या दुकानात पैसे जमा होईपर्यंत प्रत राखली जात नाही. आपण ओटीपीची वाट बघत असतो तेवढ्यात ती दुसऱ्याला जाते. खातं आधी उघडून ठेवा, पत्ता आधी भरून ठेवा.

आणि कार्ड आदल्या दिवशी तपासा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड येतं तेव्हा ते देशातलं एटीएम आणि दुकानातलं मशीन एवढ्यापुरतंच चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपण स्वतः सुरू करायचे असतात. जुन्या कार्डावर केलेलं असतं, मग मुदत संपून नवं येतं, ते पुन्हा बंद असतं, आणि हे कळतं नेमकं विक्रीच्या मिनिटाला. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहाराची मर्यादाही बघा. ती दहा हजारांवर ठेवलेली असेल आणि पुस्तक बावीस हजारांचं असेल, तर व्यवहार नाकारला जाणारच.

काही प्रकाशनं नियमित ग्राहकांना दर पुस्तकाला तोच क्रमांक राखून ठेवतात आणि पुस्तक तयार झालं की साठवलेल्या कार्डावरून रक्कम परस्पर घेतात. भारतीय कार्डावर हे अडकतं, कारण १ ऑक्टोबर २०२१ पासून असे आपोआप जाणारे पैसे ई-मँडेट, म्हणजे बँकेकडे आधी नोंदवलेली परवानगी, नसेल तर नाकारले जातात. प्रकाशकाला वाटतं ग्राहकाने पैसे दिले नाहीत, आणि राखलेला क्रमांक हातचा जातो. त्यांना आधीच लिहून ठेवा की माझं कार्ड परस्पर चालणार नाही, पैसे भरायची लिंक पाठवा. मी हे दर वर्षी नव्याने लिहिते, कारण तिकडची माणसं बदलतात.

पैसे कापले, ऑर्डर दिसत नाही

घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी विक्रेत्याला मेल करा: वेळ, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि बँकेच्या संदेशाचा स्क्रीनशॉट. प्रत शिल्लक असेल तर ती त्याच मेलवर राखून ठेवा म्हणून सांगा.

देशातला व्यवहार असेल तर नियम स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पैसे कापले गेले आणि दुकानाला पोचले नाहीत, तर कार्डावरच्या ऑनलाइन खरेदीत आणि दुकानाला केलेल्या यूपीआय व्यवहारात ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. परदेशी दुकानात मात्र रक्कम बहुतेक वेळा नुसती अडकवून ठेवलेली असते आणि काही दिवसांनी बँक ती मोकळी करते.

वर्ष होत आलं, पुस्तक छापखान्यातच

मराठीत प्रकाशनपूर्व सवलत ही आपली जुनी आणि चांगली रीत आहे. छोट्या प्रकाशकाला कागदाचे पैसे उभे राहतात, वाचकाला पुस्तक स्वस्तात मिळतं. मी आजही नोंदणी करते. पण नोंदणी व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर आणि पावती म्हणून नुसता अंगठा, असं असेल तर सहा महिन्यांनी तुमच्या हाताशी काहीच नसतं. त्यामुळे पैसे भरल्या भरल्या मी असा संदेश पाठवते:

'नमस्कार. आपल्या मर्यादित आवृत्तीची एक प्रत आज नोंदवली आहे. रक्कम आणि व्यवहार क्रमांक सोबत देत आहे. कृपया एवढं कळवावं: माझा प्रत क्रमांक कोणता, पुस्तक केव्हा तयार होणं अपेक्षित आहे आणि कशाने पाठवणार. पाठवण्याआधी एक फोन केलात तर बरं होईल.'

बहुतेक प्रकाशक आनंदाने उत्तर देतात, आणि त्या उत्तरात अपेक्षित तारीख लेखी मिळते. पुढचं सगळं त्या तारखेवर उभं राहतं. कार्डाने पैसे भरले असतील तर माल मिळाला नाही म्हणून बँकेकडे दाद मागता येते. व्हिसाच्या नियमांत ही मुदत माल मिळायच्या अपेक्षित तारखेपासून १२० दिवस आहे, पण मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांच्या पुढे नाही. म्हणजे प्रकाशक 'पुढच्या महिन्यात' म्हणत दीड वर्ष घालवत असेल, तर आपला हक्क हळूहळू संपत चाललेला असतो. ५४० दिवस कधी भरतात ते कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा आणि त्याच्या दोन महिने आधी बँकेशी बोलून घ्या, कारण बँका स्वतःच्या मुदती याहून आखूडही ठेवतात. यूपीआयवर ही सोय नाही. म्हणून रक्कम मोठी असेल तर मी कार्डच वापरते.

भारतातला विक्रेता असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. नाही सोडवली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. मला तिथवर कधी जावं लागलं नाही. पुस्तकवेड्या माणसाने छोट्या प्रकाशकाशी शक्यतो फोनवर बोलूनच प्रश्न सोडवावा असं मला मनापासून वाटतं. त्यातले बरेच जण दोन खोल्यांच्या घरातून काम करतात आणि त्यांचाही बांधणीवाला त्यांना तारखा देत असतो.

लेबलावर पत्ता अर्धाच

आपले पत्ते लांब: घर, इमारत, गल्ली, देवळाशेजारी, जुन्या स्टँडमागे. परदेशी लेबलावर एका ओळीला मोजकीच अक्षरं मावतात आणि उरलेली गळून पडतात. माझ्या एका खोक्यावर 'मारुती मंदिराशेजारी'मधलं फक्त 'मारु' उरलं होतं. घर क्रमांक आणि इमारत पहिल्या ओळीत, खुणेची जागा दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, पिनकोड सहाही आकडे सलग, आणि फोनच्या आधी ९१. फोन पत्त्याच्या ओळीत पुन्हा एकदा लिहा. आमच्या भागातला कुरिअरवाला पत्ता वाचत नाही, तो फोन करतो.

कस्टम्समध्ये अडकलं

छापील पुस्तकावर आपल्याकडे जीएसटी नाही, आयात केलेल्या पुस्तकावरही नाही. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पापासून आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क आहे, आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार. शुल्क धरताना पुस्तकाच्या किमतीत पाठवणावळही मिळवतात. दोन्ही मिळून २०,००० रुपये झाले तर शुल्क १,०००, अधिभार १००, एकूण १,१००. कुरिअर कंपनी आपली हाताळणी वेगळी लावते.

यापेक्षा बराच मोठा आकडा आला तर समजायचं की पुस्तक 'पुस्तक' म्हणून नोंदलं गेलेलं नाही. मर्यादित आवृत्तीत हे वारंवार होतं, कारण विक्रेता बिलावर उत्साहाने 'कलेक्टर्स बॉक्स' किंवा 'आर्ट सेट' लिहितो, सोबत चित्राची प्रत किंवा धातूची पुस्तकखूण असते, आणि अधिकारी त्याला संग्रहवस्तू किंवा भेटवस्तू धरतो. पाठवण्याआधीच विक्रेत्याला सांगा: बिलावर साध्या शब्दांत छापील पुस्तक म्हणून लिहा, कस्टम्सचा छापील पुस्तकांचा वर्गीकरण क्रमांक ४९०१ टाका, सोबतच्या वस्तू आणि त्यांची किंमत वेगळ्या ओळीत द्या. किंमत कमी लिहायला किंवा 'गिफ्ट' म्हणायला कधीही सांगू नका. ते खोटं तर आहेच, शिवाय वाटेत पुस्तक गेलं तर विमा बिलावरच्या आकड्याएवढाच मिळतो.

कुरिअरने येत असेल तर केवायसीसाठी निरोप येतो. कार्डावरचं नाव, ऑर्डरवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच असू द्या. लग्नाआधीचं नाव पॅनवर आणि नंतरचं ऑर्डरवर, एवढ्यावरून माझं एक पार्सल नऊ दिवस पडून होतं. टपालाने येत असेल तर ते विदेश डाकघरातून जातं, मुंबईत ते बॅलार्ड इस्टेटला आहे. शुल्क असेल तर ते घरी पुस्तक देताना पोस्टमन घेतो. काही खुलासा हवा असेल तर पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर गेलं नाही तर पार्सल परत फिरतं.

पोचलं म्हणतात, आलेलं नाही

शेजारी, वॉचमन, खालचं किराणा दुकान हे आधी विचारून घ्या. मग कुरिअरकडे पोच-सही आणि ठिकाण मागा. परदेशातून टपालाने निघालेलं पार्सल वाटेत गायब झालं तर आपल्या पोस्टात हेलपाटे घालण्यापेक्षा पाठवणाऱ्यालाच त्याच्या टपाल खात्याकडे चौकशी दाखल करायला लावा. ती पोस्ट केल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्हावी लागते. विक्रेते 'अजून थोडं थांबू' म्हणतात. तीन महिन्यांपलीकडे थांबू नका.

देशात पुस्तक पाठवायला डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुक पोस्ट बंद झालं तेव्हा छोट्या प्रकाशकांची मोठी अडचण झाली. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १००, कर वेगळा. माग काढता येतो, पण ते रस्त्याने आणि रेल्वेने जातं, वेळ लागतो. साध्या प्रतींना उत्तम. सहीच्या क्रमांकित प्रतीला मी स्पीड पोस्ट आणि विमा सांगते.

अमेरिकेतल्या आपल्या माणसांना पुस्तकं पाठवणाऱ्यांना २०२५ आठवत असेल. ऑगस्टच्या शेवटी तिकडचे नियम बदलल्यावर भारतीय टपालाने अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं आणि ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा सुरू केलं, नेमकं दिवाळीच्या तोंडावर. तेव्हापासून मी पैसे भरण्याआधी सेवा चालू आहे ना हे पोस्टात विचारते.

काही जण परदेशातल्या नातेवाइकांच्या पत्त्यावर मागवतात. माझा मावसभाऊ लंडनजवळ असतो, मीही तसं करते. पण विक्रेत्याच्या दृष्टीने पुस्तक भावाच्या दारात पोचलं की व्यवहार संपला. एकदा तो म्हणाला, "अगं, तुझं पार्सल आलंय, कपाटात ठेवलंय, डिसेंबरला आलो की आणतो." मी म्हटलं, "दादा, आत्ता उघड, चारही कोपऱ्यांचे आणि क्रमांकाच्या पानाचे फोटो पाठव, मग ठेव." क्रमांक ७१ हवा होता, आत १७ होती. त्याच आठवड्यात कळवल्यामुळे बदलून मिळाली. डिसेंबरला उघडलं असतं तर ७१ दुसऱ्या कोणाच्या तरी कपाटात असती.

कोपरा दबलेला

हीच अडचण सगळ्यात जास्त येते, आणि तिचं मूळ बहुतेकदा खोक्याच्या मापात असतं. विमानाने जाणाऱ्या पार्सलचं भाडं नुसत्या वजनावर नसतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात, आणि जो आकडा मोठा तो धरतात. अडीच किलोचं पुस्तक ४० × ३० × २० च्या ऐसपैस खोक्यात घातलं तर भाडं ४.८ किलोचं. म्हणून विक्रेता पुस्तकाच्या अंगाबरोबर बसणारा खोका निवडतो, आणि खोका कोपऱ्यावर पडला की मधे काहीच उरत नाही. पुस्तकाचा कोपरा हाच खोक्याचा कोपरा होतो. किंवा माझ्या ११८ सारखं उलटं: खोका मोठा, पण भराव एकाच बाजूला.

यावर सरळ उपाय आहे. ऑर्डर देतानाच लिहा की मोठ्या खोक्याचे जास्तीचे पैसे मी देते, आणि पॅकिंग कसं हवं तेही सांगा. आधी पातळ साधा कागद, कारण बबल रॅप थेट जॅकेटला (पुस्तकावरच्या सुट्या वेष्टनाला) किंवा कापडाला लावलं तर उन्हाळ्याच्या तापलेल्या गोदामात फुग्यांचे ठसे उमटतात. त्यावर बबल रॅप, त्यावर पाण्यापासून बचावाला प्लास्टिकची पिशवी. मग पुस्तकापेक्षा दोन बोटं मोठे पुठ्ठे वर-खाली, म्हणजे धक्का पुठ्ठ्याच्या कडेला बसतो. चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याच्या टोप्या. शेवटी खोका, सगळ्या बाजूंनी दोन इंच भराव, हलवलं तर आवाज येता कामा नये. जून ते सप्टेंबरमध्ये मी विक्रेत्याला पुस्तक ठेवून घ्यायला सांगते. बहुतेक जण ऑक्टोबरपर्यंत आनंदाने थांबतात.

खोका आला की उघडताना चित्रण करा, अखंड, लेबलापासून सुरुवात करून. कोपरा, पेटी, क्रमांकाचं पान उजेडात स्वच्छ दिसू द्या. खोका आणि भराव टाकू नका, विमावाले तेच मागतात. त्याच दिवशी कळवा.

पुस्तक ओलं आलं असेल तर उन्हात ठेवू नका, पुठ्ठा वाकतो. उभं करून पानं पंख्याखाली मोकळी सोडा आणि पानांमध्ये टिपकागद घाला. गुळगुळीत आर्ट पेपरची चित्रपानं असतील तर ती सुकायच्या आधी एकेक अलग करा, सुकल्यावर ती चिकटतात आणि मग सुटत नाहीत.

आणि कळवताना 'बदलून द्या' असं लिहू नका. बदलायला क्रमांकित प्रत नसते, तुम्हाला पैसे परतीचं ठरलेलं उत्तर येईल. मी तेच केलं होतं. दुसऱ्या मेलमध्ये वेगळं विचारलं. छापखाना आणि बांधणीवाला ठरल्यापेक्षा थोड्या प्रती जास्त करतात, खराब निघतील म्हणून. त्या बिनक्रमांकाच्या असतात. तशीच जास्तीची जॅकेटं आणि पेट्याही असतात. म्हणून विचारलं: जास्तीची पेटी आहे का? जास्तीची प्रत आहे का? असेल तर त्यावर माझाच क्रमांक घालून मिळेल का? लेखकाची सही नसेल तर सही केलेलं सुटं पान वेगळं उरलंय का? हे प्रश्न पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच विचारायचे, कारण या जास्तीच्या वस्तू थोड्याच असतात आणि आधी विचारणाऱ्याला जातात.

पेटी होती. जास्तीची प्रत एक होती, पण तिच्यावर सही नव्हती आणि सहीचं पान उरलं नव्हतं. त्यांनी किमतीचा तिसरा हिस्सा परत केला आणि नवी पेटी पाठवली, या वेळी पुठ्ठ्याच्या टोप्या घालून. दबलेला कोपरा मी एका जुन्या बांधणीवाल्या काकांना दाखवला. त्यांनी बोट फिरवलं, वाकून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे उघडून डिंक भरता येईल, पण कापडाची ही विणकाम-रेघ पुन्हा अशी बसणार नाही. राहू द्या." ११८ तशीच ठेवली आहे, नव्या पेटीत, खालच्या फळीवर.